न धुतलेला स्पंज

दि. २ नोव्हेंबर

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला म्हणून लगेच गाल फुगवू नकोस. फोन करणार होते, पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी विचारायचं गुडघा कसा आहे आणि तू सांगायचं की हो, आत्ताच जेवलो. वर एवढा ओरडतोस की शेजारीण दारात येऊन विचारते, कोणाचं भांडण चाललंय. तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपांशेजारी उभा राहून कान घालवून बसलास, आता आपली पत्रंच बरी.

इकडची खबर अशी की तुझे भाचेबुवा, म्हणजे आमचे चिरंजीव, जहाजावर आहेत, ते आता थेट फेब्रुवारीत उगवतील. सूनबाई मोजणीच्या कामावर डोंगरात गेली आहे, जानेवारीपर्यंत तंबूत मुक्काम. तिथे फोन लागत नाही. आठवड्यातून एकदा जीप येते, ती टपाल नेते आणि आणते. म्हणजे घरात उरले कोण, तर मी आणि तिचे पाच गोल्डफिश.

मी आज जाम खुशीत आहे, आणि त्याचं कारण तुलाच सांगते. तुला आठवत असेल, दीड वर्षापूर्वी ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर ती चार फुटी काचेची टाकी आली. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, ही त्यांच्या दुकानातली. आत तळाच्या खड्यांवर तपकिरी शेवाळ आणि कोपऱ्यात एक काळा मिट्ट स्पंज, त्यातून पाणी बुडबुडत येतं. मी पहिल्याच दिवशी बोलून गेले की ही घाण पुढच्या खोलीत नको. ती काहीच बोलली नाही. टाकी मागच्या खोलीत गेली. ती कधीच काही बोलत नाही रे, हीच तर पंचाईत आहे. चांगली आहे, वागायला सरळ आहे, पण आम्ही दोघी एकमेकींशी दवाखान्यात बाजूबाजूला बसलेल्या पेशंटसारख्या बोलतो.

तेव्हा ठरवलं, ती यायच्या आत टाकीचा कायापालट करायचा. मासे दोन दिवस बादल्यांमध्ये ठेवले. टाकी रिकामी करून काच घासली. खडे तीन पाण्यांतून काढून उकळले. त्या स्पंजमधून काय काय निघालं ते लिहीत नाही, तू जेवत असशील. त्याला गरम पाण्याखाली ब्रशने रगडला, साबण लावला, पुन्हा रगडला, आणि उन्हात वाळवला. आता लोण्यासारखा पिवळा दिसतो. नळाचं पाणी मात्र तसंच घातलं नाही हं. सगळंच्या सगळं उकळून गार करून घातलं, दीड दिवस गॅसपाशी उभी होते. आणि रिकामी होतीच तर वरच्या मजल्यावरच्या दोघांना बोलावून टाकी पुढच्या खोलीत आणली, दारामागच्या भिंतीला. आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये चौतीस वर्षांच्या नर्सगिरीत एवढी लखलखीत वस्तू मी बघितली नव्हती.

ती जाताना काचेवर चिठ्ठी चिकटवून गेली होती. रोज एकदा चिमूटभर खाणं, बाकी काही करायची गरज नाही. बघ ना, किती संकोची आहे. तिला वाटलं असेल, आईंना कशाला त्रास. आता आल्यावर डोळे विस्फारून बघेल.

तुझ्या घरातलं ते हिरवं गटार कसं आहे? त्यातले मासे अजून तग धरून आहेत का? ये एकदा म्हणजे मी तेही घासून देते. गुडघ्याला शेक दे आणि लोभ माझ्याकडून कमी पडत असेल तर तसं कळव.

तुझी,
ताई


दि. ५ नोव्हेंबर

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

तू पोचल्याचं पत्र मिळालं. डोंगरात थंडी असेल, कानटोपी घालत जा. इकडे सगळं उत्तम. मासे मजेत आहेत. टाकी तर अशी चकाचक आहे की ऑपरेशन थिएटरला लाजवेल. काळजी करू नकोस.

माझ्या आशीर्वादाला टपालाचा खर्च नाही, तो रोजच असतो.

तुझी,
आई


दि. ५ नोव्हेंबर

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ता वाचलं आणि चहा तसाच टाकून लिहायला बसलोय. तू फोन का नाही केलास ते कळलं, मी का करत नाही ते तुला माहीतच आहे. म्हणून नीट वाच, दोनदा वाच.

ताई, तू त्या टाकीचं मूत्रपिंड काढलंस, साबणाने घासलंस आणि उन्हात वाळत घातलंस.

मासे त्याच पाण्यात खातात, त्याच पाण्यात घाण करतात. त्या घाणीचा अमोनिया होतो आणि अमोनिया हे विष आहे. ते विष खाऊन संपवणारे जंतू त्या काळ्या स्पंजमध्ये आणि त्या तपकिरी खड्यांवर राहत होते. तू ज्याला घाण म्हणतेस ना, तीच तिथली कामवाली मंडळी होती. आमच्या गाळणी केंद्रात वाळूच्या वर असाच एक चिकट थर धरायचा. तो मेला की सगळ्या गावाच्या पाण्याचं काही खरं नसायचं, आणि नव्या माणसाने उत्साहाने तो खरवडला की मी त्याच्यावर असा ओरडायचो की भोंग्याची गरज पडत नसे.

पाणी उकळलंस, त्यामुळे क्लोरिन गेलं, एवढं एकच काम बरं झालं. पण उकळलेल्या पाण्यात हवा नसते. हवेचा पंप चोवीस तास चालू ठेव.

आता कर काय, तर खाणं ताबडतोब बंद. गोल्डफिश आठवडाभर उपाशी राहून मरत नाहीत. रोज पाव टाकी पाणी काढायचं आणि तेवढंच नवीन घालायचं. नवीन पाणी उकळू नकोस, रुंद बादल्यांमध्ये एक दिवस उघडं ठेव, क्लोरिन उडून जातं. तुमच्याकडे साधं क्लोरिनच घालतात, मला माहीत आहे. हे डायलिसिस समज. जुनं मूत्रपिंड मिळेपर्यंत रोज.

आणि कृपा करून आणखी काही घासू नकोस. तुझ्या पत्रालाही जंतुनाशकाचा वास येतोय, पाकीट उघडल्याबरोबर मला लहानपणीचं इंजेक्शन आठवलं.

उलट टपाली कळव. आणि लोभाचं म्हणशील तर तो शिव्यांच्या खाली दडलाय, शोधलास तर सापडेल.

तुझा,
भोंगा


दि. ६ नोव्हेंबर

चि. भोंग्या,
आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आतच हे लिहितेय, कारण मला दुसरं कोणी नाही.

काल संध्याकाळपासून मासे वर येऊन तोंडं उघडमीट करताहेत. आज सकाळी सगळ्यात लहान होता तो उलटा तरंगताना दिसला. मी चौतीस वर्षांत कमी मरणं बघितलेली नाहीत, तरी हे बघून घरच्या चपलांतच बाहेर पडले. नाक्यावरच्या मासेवाल्या दुकानात गेले. त्याने निळं औषध दिलं आणि सांगितलं, वीस थेंब घाला. बाटली हातात धरून बसले आहे, अजून घातलं नाही. डॉक्टरने तपासल्याशिवाय औषध द्यायची मला सवय नाही.

आणि आजोबा खाली कोपऱ्यात बसून आहे. तुला सांगायचं राहिलं. त्या पाचांतला एक अकरा वर्षांचा आहे. पूर्वी केशरी होता म्हणे, आता पांढरट पडलाय आणि एका बाजूचा कल्ला कुरतडल्यासारखा झालाय. हा सूनबाईच्या वडिलांनी पाळलेला. ते गेले तीन वर्षांपूर्वी, दुकान बंद झालं. त्यांचं जिवंत असं तिच्याकडे हाच उरलाय. मी खोलीत शिरले की तो काचेजवळ यायचा. आज आला नाही.

भोंग्या, हा मेला तर मी तिला काय सांगू? खोटं सांगितलं तर पकडली जाईन आणि खरं सांगितलं तरी ती विश्वास ठेवणार नाही. पहिल्या दिवशी घाण म्हणणारी सासू, आणि सून घराबाहेर पडताच मासे मेले. कोणीही म्हणेल की मुद्दाम केलं. ती म्हणणार नाही. ती काहीच बोलणार नाही, आणि मग आयुष्यभर काहीच बोलणार नाही. तिला कालच लिहून बसले की सगळं मजेत आहे.

लवकर लिही.

तुझी,
ताई


दि. ८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न.

आपली पत्रं रस्त्यात एकमेकांना नमस्कार करून पुढे गेलेली दिसतात. निळं औषध घातलं नाहीस, शाब्बास. बाटली मोरीत ओत आणि विसरून जा. ते आजारी नाहीत, ते विषबाधेने गुदमरताहेत.

आता ऐक. ज्याला तू गटार म्हणतेस ना, त्या माझ्या टाकीत सहा वर्षं मासे ठणठणीत आहेत. तिथे दोन स्पंज चालतात. त्यातला एक मी परवा सकाळी साडेसहाच्या बसने पाठवतोय. कंडक्टर माझा जुना दोस्त आहे, दुपारी एकला तुमच्या स्टँडवर पोचेल. त्याच्याकडे स्टीलचा मोठा डबा असेल, त्यात टाकीच्याच पाण्यात स्पंज बुडवलेला. झाकण अर्धवटच लावीन, कारण त्या जंतूंनाही श्वास लागतो. डबा हलेल, पाणी सांडेल, वास येईल. लोक नाकं मुरडतील. तू मुरडू नकोस, ते तुझं अवयवदान आहे.

महत्त्वाचं. स्पंज धुवायचा नाही. नळाखाली नाही, गरम पाण्याखाली नाही, पुसायचासुद्धा नाही. हातमोजे नकोत, त्यांना पावडर असते. हाताला साबण, जंतुनाशक, क्रीम यातलं काहीही नको, हात साध्या पाण्याने तीनदा धू आणि तशीच उचल. तो काळा, बुळबुळीत, तुला किळस येईल असा आहे. तसाच टाकीत सोड. पाणी क्षणभर गढूळ होईल, होऊ दे.

आणि मासेवाल्याकडून अमोनिया तपासायची बाटली घे. थोडं पाणी काढून त्यात थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर विष. रोज तपास आणि केसपेपर ठेव, ते तुला शिकवायला नको.

ताई, एक राहिलं. ती मुद्दाम केलं म्हणेल की नाही, मला माहीत नाही. पण तू तिला लिहून टाक. मला कमी ऐकू येतं, कमी दिसत नाही. तू घाबरली आहेस, आणि घाबरलीस की तू घासायला बसतेस. आत्ता तुझी फरशी आरशासारखी असेल.

लोभ डब्यातून पाठवतोय, सांडू देऊ नकोस.

तुझा,
भोंगा


दि. १३ नोव्हेंबर

चि. भोंग्यास,
अ. उ. आ.

फरशीचं कसं कळलं तुला?

तुझा दोस्त पावणेदोनला आला. डबा हातात देताना त्याने मान बाजूला केली आणि विचारलं की आत नक्की काय आहे. मी सांगितलं, मूत्रपिंड. तो दोन पावलं मागे सरकला. रिक्षावाल्याने दोन्ही बाजूंचे पडदे वर केले. मी तो डबा मांडीवर घेऊन बसले होते, आणि खरं सांगते, थिएटरमध्ये खरोखरच अवयव नेतानाही मी डबा असा घट्ट धरला नव्हता.

हात तीनदा साध्या पाण्याने धुतले. चौथ्यांदा हात साबणाकडे गेला होता, त्याला मीच मागे ओढला. भोंग्या, तो स्पंज काय आहे रे! मेलेल्या उंदरासारखा. डोळे मिटून उचलला, सोडला, आणि सगळं पाणी तपकिरी झालं. माझी लखलखीत टाकी! मी खुर्चीवर बसून पाच मिनिटं नुसती बघत राहिले. शेवटी मला माझंच हसू आलं, चौतीस वर्षं जंतू मारले आणि आता डबाभर जंतू घरी आणून सोडले.

आता केसपेपर. दि. १० ला, स्पंज घालायच्या आधी, तपासणी गडद हिरवी. त्याच दिवशी दुसरा एक गेला, मोठ्या शेपटीचा. ११ ला हिरवी. १२ ला हिरवी, पण आदल्या दिवसापेक्षा फिकी, शेजारणीलाही दाखवली, तिचंही तेच मत. १३, म्हणजे आज, पोपटी. पाणी रोज पाव टाकी बदलते. खाणं बंद. श्वास अजून जोरात चालतात, पण तिघंही खाली उतरून पोहताहेत.

आजोबा काल जागचा हलला. काचेजवळ आला नाही, पण हलला. मी त्याच्याशी बोलते हे कोणाला सांगू नकोस. पेशंट बेशुद्ध असला तरी त्याच्याशी बोलावं, असं मी नव्या पोरींना शिकवायचे, तेच करते.

सूनबाईला मात्र लिहिलं नाही. तिचं पत्र आलं, चार ओळी. थंडी आहे, काम चालू आहे, मासे मजेत आहेत हे वाचून बरं वाटलं. त्या शेवटच्या ओळीवर नजर जाऊ नये म्हणून ते घडी घालून ठेवलंय. आजोबा वाचला की लिहीन. नाही वाचला तरी लिहीन. पण आत्ता नको.

माझ्या आशीर्वादात तुझ्या स्पंजचाही वाटा आहे, त्याला तसं सांग.

ताई


दि. १७ नोव्हेंबर

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पोपटी! वाचून इतका मोठ्याने ओरडलो की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. आता पिवळं होईपर्यंत सोडू नकोस. मग खाणं अगदी कणभर, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि दोन मिनिटांनी काही उरलं तर ते गाळणीने काढून टाक. तू थिएटरमध्ये बोळे मोजायचीस ना, आत राहिला तर गडबड, तसंच हे.

पुढे सगळं बरं झालं की आठवड्याला पाव टाकी बदलणं पुरे. स्पंज महिन्यातून एकदा, तोही टाकीतून काढलेल्याच पाण्यात दोनदा पिळायचा, बस्स. काळा राहिला पाहिजे. काळा स्पंज म्हणजे गुटगुटीत स्पंज.

आता दुसरी गोष्ट, त्यावर तू पुन्हा रागावशील. तू म्हणतेस आजोबा वाचल्यावर लिहीन. ताई, मग ते पत्र म्हणजे बक्षीस मागितल्यासारखं होईल. आणि नाही वाचला आणि लिहिलंस तर माफी मागितल्यासारखं. आत्ता, अर्धवट असताना लिहिलंस तर ती तुझ्याबरोबर काळजी करेल. एकटीने काळजी करायची तुझी खोड तुला आपल्या आईकडून मिळालीय, ती सुनेला कशाला देतेस?

एवढं बोलून मी गप्प बसतो, जे मला कधी जमत नाही. लोभ आहेच, तुझी पोपटी पिवळी झाली की त्यालाही रंग चढेल.

तुझा,
भोंगा


दि. २० नोव्हेंबर

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

हे पत्र बसून वाच.

मी तुझी टाकी धुतली. पाणी, खडे, स्पंज, सगळं. साबणाने. पाणी दीड दिवस उकळून घातलं. मला वाटलं, तू आल्यावर खूश होशील. तुझे दोन मासे मेले, सगळ्यात लहान आणि मोठ्या शेपटीचा. ते माझ्यामुळे मेले. मागच्या पत्रात मी सगळं मजेत आहे असं लिहिलं, तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं. पण कळल्यावरही मी लगेच लिहिलं नाही, तिथे मी खोटी ठरले.

आजोबा अजून आहे. आणखी दोघे आहेत. तुझ्या मामेसासऱ्यांनी त्यांच्या टाकीतला जुना स्पंज बसने पाठवला. रोज पाव टाकी पाणी बदलते, रोज तपासते, कागदावर लिहून ठेवते. आज तपासणी पिवळी आहे, एक छटा हिरवट. आजोबा वाचेल की नाही हे मला सांगता येत नाही. पेशंटच्या नातेवाइकांना मी कधी खोटी आशा दिली नाही, तुलाही देणार नाही.

मी मुद्दाम केलं नाही. एवढं एकच तू मानलंस तर बाकी तुला हवं तितकं रागाव. पहिल्या दिवशी मी त्या टाकीला घाण म्हटलं होतं, ते मला आठवतं. तुलाही आठवत असणार. ते मी परत घेते, कारण ती घाण होती म्हणूनच ते जगत होते, हे मला आता कळलंय.

तुला जे वाटेल ते लिही, काहीच लिहिलं नाहीस तरी चालेल, पण खरं तर चालणार नाही.

तुझी,
आई


दि. ४ डिसेंबर

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र जीपमधून उतरलं तेव्हा मी डोंगराच्या कडेला दुर्बीण लावून उभी होते. तिथेच उभ्याने वाचलं, तुम्ही बसून वाचायला सांगितलं होतं तरी. वाचून झाल्यावर मात्र खाली बसले.

आता मी खरं सांगते. तुमचं ते पहिलं पत्र आलं ना, टाकी ऑपरेशन थिएटरला लाजवेल असं, ते वाचलं आणि माझ्या हातातला चहा तसाच गार झाला. मला तेव्हाच कळलं काय झालं असणार. मी लगेच लिहायला घेतलं होतं, स्पंज धुतला का, पाणी किती बदललं. आणि फाडून टाकलं. म्हटलं, विचारलं तर आईंना वाटेल मी त्यांना तपासतेय. मासे गेले तर गेले, पण आईंना विचारायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. मग मासे मजेत आहेत हे वाचून बरं वाटलं, असं चार ओळींचं पत्र लिहिलं. म्हणजे खोटं तुम्ही एकट्याच नाही बोललात.

आणि मुळात चूक माझी आहे. निघायच्या आधी मी पानभर सूचना लिहिल्या होत्या. स्पंज धुवू नका, पाणी एकदम बदलू नका, सगळं. वाचून बघितलं आणि मलाच लाज वाटली. चौतीस वर्षं थिएटर सांभाळलेल्या बाईला मी स्वच्छता शिकवणार? ते पान फाडलं आणि काचेवर ती एक ओळ चिकटवली. ते पान राहू दिलं असतं तर ते दोघे आज असते.

मुद्दाम केलं असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. पण घाण म्हणालात ते लागलं होतं, हेही खरं. ती टाकी बाबांची आहे, म्हणून लागलं. तेव्हा बोलायला हवं होतं, मी बोलले नाही. मी तुम्हाला घाबरत होते, आई. आणि तुम्ही मला घाबरून दीड दिवस पाणी उकळत होतात, हे वाचून मला आधी हसू आलं आणि मग रडू. शेजारचे मोजणीदार विचारत होते की घरी काही वाईट झालं का. मी सांगितलं, नाही, चांगलं झालंय.

आजोबा जगला तर उत्तम. नाही जगला तर बाबा काही तुम्हाला बोलणार नाहीत. ते स्वतः घड्याळं उघडून साफ करताना अर्धी बिघडवायचे आणि मग दुरुस्त करायचे, गिऱ्हाइकाला मात्र कधी सांगायचे नाहीत. तुम्ही सांगितलंत.

तपासणीचा कागद फेकू नका, मला बघायचाय. लोभ आजवर घाबरत घाबरत केला, यापुढे मोकळेपणाने करीन.

तुमची,
सून


दि. २१ जानेवारी

चि. भोंग्यास,
अनेक, अनेक उत्तम आशीर्वाद.

काल सूनबाई आली. तुला सविस्तर सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

टाकी पुढच्या खोलीत हलवलीय, हे मी तिला पत्रात लिहिलंच नव्हतं. मुद्दाम नाही, त्या कबुलीजबाबाच्या गडबडीत राहून गेलं. आजोबा तग धरून आहे एवढं मात्र कळवत होते, शेवटचं तीन आठवड्यांपूर्वी. काल दार उघडलं तशी ती आत आली, पाठीवर ती भली मोठी पिशवी, पायात चिखलाचे बूट. आमच्या घराचा नियम तुला माहीतच आहे, आधी हात धुवायचे, मग बाकी. ती हात न धुता, बूट न काढता, माझ्याकडे न बघता थेट मागच्या खोलीत गेली.

आणि तिथे रिकामी भिंत.

मी तिच्या मागोमाग धावले. ती तिथे उभी होती, खांदे एकदम पडलेले, आणि तरी वळून मला म्हणायला लागली की असू दे, आई, काही हरकत नाही. भोंग्या, तुला शपथेवर सांगते, त्या एका वाक्याने मी पार विरघळले. मी तिचा हात धरला, ओढत पुढच्या खोलीत आणलं आणि दार लोटलं. दारामागे टाकी, आणि टाकीत आजोबा, माझा आवाज ऐकून काचेला नाक लावून उभा. तो आता पुन्हा माझ्याकडे येतो, महिना झाला. बाकीचे दोघे मागे, गुबगुबीत.

ती तशीच बुटांसकट जमिनीवर बसली. आधी हसली, मग पदर नाही म्हणून माझ्या पदराला डोळे पुसले. मग तिने विचारलं की ही इथे कशी. मी सांगितलं की ही जागा तिची पहिल्या दिवसापासूनच होती, मला कळायला दीड वर्ष लागलं. एवढं बोलले आणि माझाच जीव भांड्यात पडला.

मग तिने केसपेपर मागितला. अडीच महिन्यांचा, रोजची वेळ, तपासणीचा रंग, खाणं किती, आजोबा किती वेळा वर आला. तो तिने पूर्ण वाचला, शेवटी माझी सही आहे तिथपर्यंत. आणि घडी घालून स्वतःच्या पाकिटात ठेवला, मोजणीच्या नकाशांबरोबर.

आज महिन्याचा स्पंज पिळायचा दिवस. तिला वाटलं होतं की आता ती आली म्हणजे तीच करेल. मी हात साध्या पाण्याने धुतले, टाकीचं पाणी बादलीत काढलं आणि तिच्या देखत दोनदा पिळला. दोनदाच. काळाच ठेवला. ती उभी राहून बघत होती आणि म्हणाली की बाबासुद्धा तीनदा पिळायचे, पण दोनदाच बरोबर आहे.

पिळून झाल्याझाल्या हे पत्र लिहायला बसलेय. पहिल्या पानाच्या कोपऱ्यावर तुला एक तपकिरी डाग दिसेल, आणि वास येईल तो जंतुनाशकाचा नाही. हात धुवायचे राहिले. राहू देत.

तुझी,
ताई